नॉर्म पूर्ण न करता ग्रँडमास्टर: बटुमी २०२५ चं प्रकरण

२८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बटुमीमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हंपीला टायब्रेकरमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. त्याच क्षणी ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, आणि हंपी, हरिका, वैशाली यांच्यानंतरची चौथी महिला ग्रँडमास्टर. २ ऑगस्टला रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते सत्कार झाला, राज्य सरकारनं तीन कोटी रुपये दिले. कौतुक भरपूर झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. इथे कौतुकात भर घालायची नाही. त्या विजयानंतर नागपूरच्या बुद्धिबळ वर्तुळात जो वाद दबक्या आवाजात सुरू झाला, तो नीट मांडून पाहायचा आहे.

वाद असा. रेटिंग स्पर्धेत मुलं आत खेळत असतात आणि आईबाप बाहेर व्हरांड्यात डबे, पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसलेले असतात. तिथे एका वडिलांनी मला थेट विचारलं, "सर, एक नॉर्म नाही पोरीजवळ अन् ग्रँडमास्टर? मग आमच्या पोरानं युरोपात काहून फिरायचं जी?" त्यांच्या आवाजात असूया नव्हती, त्यांनी खर्च केला होता. सर्बिया, हंगेरी, स्पेन अशा फेऱ्या करून नॉर्म गोळा करणाऱ्या मुलांच्या घरी हा प्रश्न पडणं साहजिक आहे. आजूबाजूचे दोघेतिघे लगेच त्यांच्यावर तुटून पडले, "काही बोलता का जी, जगात पहिली आली ना ती!" म्हणून. पण असं गप्प करणं म्हणजे उत्तर देणं नव्हे. प्रश्न हिशोबाचा आहे, तेव्हा उत्तरही हिशोबानंच द्यायला हवं.

आधी नॉर्म म्हणजे काय ते

ग्रँडमास्टर किताबाचा नेहमीचा रस्ता दोन अटींचा. एक, रेटिंग, म्हणजे निकालांवरून ठरणारा खेळाडूच्या ताकदीचा आकडा, कधी ना कधी २५०० ला टेकलं पाहिजे. दोन, नॉर्म मिळाले पाहिजेत, साधारण तीन, सगळे मिळून किमान २७ डावांचे. नॉर्म म्हणजे एका स्पर्धेतली २६०० च्या तोडीची कामगिरी. त्यासाठी किमान नऊ डाव लागतात, समोरच्यांपैकी एक तृतीयांश तरी ग्रँडमास्टर हवेत, वेगवेगळ्या देशांचे हवेत, आणि त्यांच्या रेटिंगची सरासरी २३८० च्या खाली गेली तर नॉर्मचा विषयच संपला.

पेअरिंगच्या, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्या यादीच्या कागदाच्या मागच्या बाजूला मी त्या वडिलांना आकडे लिहून दाखवले. सरासरी बरोबर २३८० असेल तर नऊपैकी सात गुण लागतात. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे ७८ टक्के गुण म्हणजे सरासरीच्या वर २२० अंक, आणि २३८० अधिक २२० म्हणजे २६००. सरासरी २४७५ असेल तर सहा गुण पुरतात, २५२० असेल तर साडेपाच. समोरचे जितके तगडे तितके गुण कमी लागतात. पण तगडे लोक मिळणार कुठे? तिथेच सगळं अडतं. म्हणून तर ठरावीक ग्रँडमास्टर जमवून भरवलेल्या नॉर्म स्पर्धांसाठी पोरं विमानात बसतात.

नागपूरला हा रस्ता चांगलाच ठाऊक आहे. रौनक साधवानी २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, भारताचा ६५ वा. संकल्प गुप्ता नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्बियात ७१ वा झाला आणि त्यानं तर कमाल केली, तिन्ही नॉर्म लागोपाठच्या तीन स्पर्धांत २४ दिवसांत. दोघांच्याही किताबाखाली सगळे रकाने भरलेले. रौनकचा जन्म २० डिसेंबर २००५ चा, दिव्याचा ९ डिसेंबर २००५ चा. एकाच शहरात अकरा दिवसांच्या अंतरानं जन्मलेल्या दोघांपैकी एकाला किताब मिळाला तेराव्या वर्षी आणि दुसरीला एकोणिसाव्या. ही सहा वर्षं ती काय करत होती, हे पाहिल्याशिवाय प्रकरण कळत नाही.

रकाने रिकामे का राहिले

ती जिंकत होती. २०२२ मध्ये महिला राष्ट्रीय विजेती, २०२३ मध्ये अल्माटीला आशियाई विजेती, त्याच वर्षी कोलकात्यात टाटा स्टीलच्या महिला रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळेच्या जलद डावांत, पहिली. २०२४ च्या जूनमध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेत अकरापैकी दहा गुण. त्याच सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेत, तिसऱ्या पटावर अकरापैकी साडेनऊ, संघाचं सुवर्ण आणि पटाचंही सुवर्ण.

या शेवटच्या स्पर्धेपाशी जरा थांबू, कारण व्हरांड्यातल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. बुडापेस्टमध्ये दिव्याचा परफॉर्मन्स, म्हणजे त्या स्पर्धेतल्या कामगिरीचा आकडा, होता २६०८. नॉर्मला लागतो २६००. मग नॉर्म का नाही? उलटं गणित करा. अकरापैकी साडेनऊ म्हणजे ८६ टक्के, म्हणजे सरासरीच्या वर सुमारे ३०९ अंक. याचा अर्थ समोरच्या खेळाडूंची सरासरी २३०० च्या आसपास होती. २३८० च्या अटीला ती पोचतच नाही. शिवाय अकरा डावांत चार ग्रँडमास्टर समोर हवेत, आणि जगात ग्रँडमास्टर किताब असलेल्या स्त्रियाच मुळात पन्नाससुद्धा नाहीत. त्यातल्या बहुतेक आपापल्या संघाच्या पहिल्या-दुसऱ्या पटावर खेळतात. तिसऱ्या पटावर बसलेल्या मुलीनं अकराच्या अकरा डाव जिंकले असते, तरी हा रकाना रिकामाच राहिला असता.

गांधीनगरचंही तेच. मुलींच्या ज्युनियरमध्ये सरासरी २३८० पडणं शक्यच नाही.

म्हणजे महिलांच्या स्पर्धा खेळणारी मुलगी जितकी वर चढत जाते तितकी ती नॉर्मच्या रस्त्यापासून लांब पडते. देशासाठी ऑलिंपियाड, आशियाई, ज्युनियर, निमंत्रितांच्या महिला स्पर्धा, या सगळ्यांत वर्ष निघून जातं. खुल्या, म्हणजे स्त्री-पुरुष एकत्र खेळतात अशा स्पर्धांना उरतात थोडे आठवडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिव्याचं रेटिंग २५०१ झालं होतं, म्हणजे पहिली अट पूर्ण झाली होती. नॉर्म मात्र शून्य. ही तिच्या ताकदीतली उणीव होती असं म्हणणाऱ्यानं २५०१ चा आकडा कुठून आला तेही सांगावं. तो तर डाव खेळूनच मिळतो.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाही तर हे वकीलपत्र होईल. वैशालीसमोरही हीच अडचण होती. तिनं खुल्या स्पर्धा खेळून, नॉर्म जमवून, २०२३ च्या डिसेंबरात स्पेनमध्ये २५०० ओलांडून किताब पुरा केला. हंपीनं तर २००२ मध्ये, पंधराव्या वर्षी. दिव्याचा जन्म व्हायला तेव्हा तीन वर्षं बाकी होती. म्हणजे रस्ता बंद नाही. चढाचा आहे, इतकंच.

मागचं दार किती जुनं आहे

फिडे या बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेच्या नियमांत काही स्पर्धांच्या विजेत्यांना किताब थेट देण्याची तरतूद आहे. महिला विश्वविजेतीला, महिला विश्वचषकाच्या विजेतीला, आणि हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं, वीस वर्षांखालील खुल्या जागतिक ज्युनियरच्या विजेत्यालाही. म्हणजे हे दार फक्त मुलींसाठी काढलेलं नाही. उद्या नागपूरचा एखादा पोरगा जागतिक ज्युनियर जिंकला तर त्यालाही नॉर्म विचारले जाणार नाहीत. फक्त रेटिंग कधी तरी २३०० ला पोचलेलं असावं लागतं. बटुमीला गेली तेव्हा दिव्या त्याच्या कितीतरी वर होती.

इतिहासही गमतीचा आहे. ग्रँडमास्टर किताब मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे नोना गाप्रिंदाश्विली, जॉर्जियाचीच. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या लोन पाइनच्या स्पर्धेत तिनं पुरुषांबरोबर खेळून पहिल्या क्रमांकात वाटा मिळवला. नॉर्मच्या डावांची संख्या नियमाला थोडी कमी पडत होती, तरी फिडेनं १९७८ मध्ये किताब दिला. सगळे रकाने भरून किताब घेणारी पहिली स्त्री सुझन पोल्गार, तिला १९९१ उजाडावं लागलं. पुढे युक्रेनची आना उशेनिना २०१२ मध्ये आणि चीनची तान झोंगयी २०१७ मध्ये महिला विश्वविजेत्या झाल्या, दोघींना किताब याच थेट वाटेनं मिळाला.

बटुमीच्या उपांत्य फेरीत दिव्यासमोर बसली होती ती हीच तान झोंगयी.

बटुमीत नेमकं काय झालं

स्पर्धेत १०७ खेळाडू, बाद पद्धत. प्रत्येक फेरीत दोन क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे डाव, बरोबरी झाली तर दुसऱ्या दिवशी रॅपिडचा टायब्रेकर. दिव्याला मानांकन पंधरावं, त्यामुळे पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळताच पुढे चाल. मग जॉर्जियाची केसारिया म्गेलाद्झे, सर्बियाची तिओदोरा इन्याक. इथपर्यंत कुणाला विशेष नवल वाटलं नसेल. चौथ्या फेरीत दुसरं मानांकन असलेली झू जिनर आली, तिथून गोष्ट बदलली. झूला तिनं टायब्रेकरमध्ये हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत हरिका, तीही टायब्रेकरमध्येच. उपांत्य फेरीत तानबरोबर पहिला डाव बरोबरीत. दुसऱ्या डावात दिव्याकडे पांढरी मोहरी, सिसिलियन बचावाविरुद्ध तिनं अलापिन ही सुरुवात खेळली. डाव १०१ चालींचा झाला. मध्ये पारडं इकडून तिकडे झुकलं, पण शेवटी जिंकली ती. म्हणून तिला टायब्रेकरचा दिवस वाचला आणि हंपी मात्र त्या दिवशी लेई तिंगजीशी टायब्रेकर खेळत होती. बाद स्पर्धेत असा एक मोकळा दिवसही कामाला येतो, हे लक्षात ठेवावं.

अंतिम सामन्याच्या पहिल्या क्लासिकल डावात दिव्याची स्थिती जिंकण्याजोगी होती. सुरुवातीला हंपीनं वजीर गँबिट स्वीकारला होता. ती संधी निसटली, बरोबरी झाली. दुसरा डावही बरोबरीत. मग २८ तारखेचा टायब्रेकर, प्रत्येकीला पंधरा मिनिटं आणि चालीमागे दहा सेकंद. पहिला रॅपिड डाव पेट्रॉफ बचावाचा, लांबला, बरोबरी. दुसऱ्यात हंपीकडे पांढरी मोहरी, तिनं कॅटलान लावला.

कॅटलान म्हणजे पांढऱ्याचा उंट जी दोनवर बसून लांब कर्णावर नजर ठेवतो आणि काळ्याला तासन्‌तास सहन करायला लावतो. अनुभवी खेळाडूचं हत्यार. हंपी २०१९ ची आणि २०२४ ची जागतिक रॅपिड विजेती, म्हणजे त्या दिवशी रॅपिडमधलं चालू विजेतेपद तिच्याचकडे होतं. कागदावर हा डाव हंपीचा. पण घड्याळ उतरत गेलं, शेवटच्या टप्प्यात वेळेचा ताण हंपीवर आला, चुका दोघींकडून झाल्या आणि अखेरची चूक हंपीची ठरली. काळ्या मोहऱ्यांनी डाव जिंकून सामना अडीच-दीड. जिंकल्यावर दिव्या आईला बिलगून रडली ते चित्र सगळ्यांनी पाहिलं आहे. नंतर तिनं स्वतःच सांगितलं, की या स्पर्धेआधी आपल्याकडे एकही नॉर्म नव्हता, किताब असाच यायचा होता बहुतेक. नागपूरला परतल्यावर तिनं आपले सुरुवातीचे प्रशिक्षक राहुल जोशी यांची आठवण काढली. तिनं ग्रँडमास्टर व्हावं ही त्यांची इच्छा होती. ते २०२० मध्येच गेले.

मग हिशोब मांडू

समजा, थेट किताबाचा नियम नसताच. मग बटुमीच्या कामगिरीला नॉर्म मिळाला असता का? एकाच प्रतिस्पर्ध्याशी दोनदा खेळण्याचे वगैरे तांत्रिक नियम घटकाभर बाजूला ठेवू आणि चौथ्या फेरीपासूनचे क्लासिकल डाव घेऊ. झूबरोबर दोन डावांत एक गुण (टायब्रेकर झाला, म्हणजे बरोबरीच), हरिकाबरोबर एक, तानबरोबर दीड, हंपीबरोबर एक. आठ डावांत साडेचार. झू, तान, हंपी तिघींचं रेटिंग २५४० च्या वर, हरिकाचं २४८० च्या आसपास, सरासरी २५३० च्या घरात. चौघीही ग्रँडमास्टर. साडेचार म्हणजे ५६ टक्के, त्याचे ४३ अंक. परफॉर्मन्स २५७० च्या थोडा वर.

२६०० नाही.

वडिलांचा आक्षेप इथे आकड्यांनी खरा ठरतो, आणि हे मान्य करायला आपण कचरू नये. पण एक पायरी पुढे जाऊ. अशा सरासरीला नऊ डावांत साडेपाच गुण लागतात. तिच्याकडे आठात साडेचार होते. नववा डाव असता आणि तो जिंकली असती, तर नॉर्म चोख. म्हणजे अंतर एका डावाचं, आणि अंतिम सामन्याच्या पहिल्या डावात हातची गेलेली संधी आठवली तर तेवढंही नाही.

आणि ज्या डावांनी तिला विजेती केलं ते या हिशोबात धरलेच जात नाहीत. रॅपिडचे डाव नॉर्ममध्ये मोजत नाहीत. झू, हरिका, हंपी, तीन टायब्रेकर, तिन्ही जिंकलेले, त्यातला एक चालू जागतिक रॅपिड विजेतीविरुद्ध. नॉर्मच्या तक्त्यात या सगळ्याची किंमत शून्य.

शिवाय बाद स्पर्धेत खेळाडू २६०० साठी खेळत नाही, समोरचीला बाहेर काढण्यासाठी खेळते. एक डाव जिंकून पुढे असाल तर दुसऱ्यात बरोबरी पुरते, तिथे कुणी धोका पत्करून जिंकायला जात नाही. नॉर्म स्पर्धेत मात्र शेवटच्या फेरीत अर्धा गुण कमी पडत असेल तर काळ्या मोहऱ्यांनीही तलवार उपसावी लागते. दोन्हीकडे डोकं वेगळं चालतं. म्हणून बाद स्पर्धेतली कामगिरी नॉर्मच्या तक्त्यात घालून बघणं, जसं मी आत्ता केलं, ते तिच्यावर थोडा अन्यायच करणारं आहे. उलट, नॉर्मवाल्याला बाद स्पर्धेत टाकलं तर तोही पहिल्या दोन दिवसांत घरी येऊ शकतो.

माझं मत विचाराल तर थेट किताबाचा नियम बरोबर आहे, पण तो एका मोठ्या अडचणीवर ठिगळ लावतो. महिलांच्या सर्वोच्च स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षं मिळवलेलं यश नॉर्ममध्ये फारसं मोजलंच जात नाही, मग एक दिवस एक स्पर्धा जिंकली की सगळं एकदम मिळतं. बटुमीत हंपी दुसरी आली. ती आधीच ग्रँडमास्टर होती म्हणून प्रश्न आला नाही. पण समजा दिव्या तो शेवटचा रॅपिड डाव हरली असती, तर झू, हरिका, तान यांना बाहेर काढूनही तिच्या खात्यात अंतिम फेरी गाठल्याचा एकच नॉर्म जमा झाला असता. एका रॅपिड डावावर पूर्ण किताब किंवा फक्त एक नॉर्म. हे मला पटत नाही. अंतिम फेरी गाठणारीला एकापेक्षा जास्त नॉर्म मोजून द्यायला काय हरकत आहे?

त्यानंतर

दिव्याचा किताब खुल्या गटात टिकतो का, हे लोक बघणारच होते आणि संधीही लगेच आली. सप्टेंबर २०२५ मध्ये समरकंदच्या ग्रँड स्विस या मोठ्या स्पर्धेत ती महिला गटात न खेळता खुल्या गटात उतरली. तिथे जगज्जेता गुकेशला तिनं बरोबरीत रोखलं. गुकेश त्याआधीचे सलग तीन डाव हरून आला होता, म्हणजे जिंकायला किती आसुसलेला असेल ते वेगळं सांगायला नको. नोव्हेंबरात गोव्याच्या विश्वचषकात मात्र पहिल्याच फेरीत ग्रीसच्या कूर्कूलोस-आर्दितिसकडून ती दोन-शून्य हरली. पहिल्या निकालावर किताब सिद्ध झाला म्हणणारे आणि दुसऱ्यावर उघडा पडला म्हणणारे, दोघेही मला व्हरांड्यात भेटले. दोन्ही निकाल एका एकोणीस वर्षांच्या, २५०० च्या आसपासच्या खेळाडूचे आहेत. या रेटिंगचे पुरुष ग्रँडमास्टरही असेच एका आठवड्यात मोठ्याला अडवतात आणि पुढच्यात बाहेर पडतात. त्यांच्या नॉर्मचे कागद कुणी मागत नाही.

बटुमीच्या विजयानं तिला २०२६ च्या महिला कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेतीची आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, जागा दिली. तिथली पद्धत बाद नाही. आठ जणी, प्रत्येकीशी दोनदा, एकूण चौदा क्लासिकल डाव. टायब्रेकर लागतो तो फक्त पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली तरच. रॅपिडची जी धार बटुमीत तीनदा कामाला आली, तिचा तिथे रोज उपयोग नाही. चौदा डावांची सरासरी राखावी लागते, म्हणजे नॉर्मवाल्यांच्या सवयीचंच काम. व्हरांड्यातल्या वडिलांना मी एवढंच सांगितलं, की मुलाला बुडापेस्टला जरूर पाठवा, पण त्याच्या वर्षाच्या आखणीत जागतिक ज्युनियरची निवड स्पर्धाही धरा. त्या वाटेला सरासरीची अट नाही.